बंडीत एकच संत्रं!

नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बगीच्याचा सौदा अंदाजाने होतो. व्यापारी झाडाभोवती फिरतो, वर पाहतो अन् आकडा सांगतो. मालकाचा आकडा हमखास त्याच्या दुप्पट! या मुलखाला पिकाच्या थापा काही नवीन नाहीत. पण थापेचे फोटो काढून विकण्याचा मान अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याकडे जातो.

तिथल्या ओटावा गावात विल्यम मार्टिन नावाचा फोटोग्राफर होता. १९०८ च्या सुमारास त्याने हा धंदा मांडला. मक्याच्या कणसाचा मोठा फोटो कात्रीने कापायचा, घोडागाडीच्या फोटोवर चिकटवायचा आणि त्या जोडकामाचा पुन्हा फोटो घ्यायचा. झाली गाडी भरून! ही पोस्टकार्डे लोकांनी हौसेने घेतली. याच कॅन्ससमध्ये १८७४ साली टोळधाडीने उभी पिके फस्त केली होती. रेल्वे कंपन्यांच्या गोड जाहिराती वाचून जमीन कसायला आलेल्यांना हे ठाऊक होते. त्यांचे हसू फुकटचे नव्हते.

१ एप्रिल १९५७ रोजी तर बीबीसीने कमालच केली. स्वित्झर्लंडमधल्या बाया झाडावरून स्पॅगेटी, म्हणजे आपल्या शेवयांची इटालियन बहीण, तोडताना दाखवल्या. ‘पॅनोरमा’ हा भारदस्त कार्यक्रम, बोलणारे रिचर्ड डिंबलबी. मग काय, हे झाड लावायचे कसे म्हणून लोकांनी फोन केले! आपल्या कोणत्याही आजीने खाटेवर वाळणाऱ्या शेवया दाखवून त्यांना वेड्यात काढले असते.

ऐकीव आहे, परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्या यादीत फोटो नव्हता. आता घालायला हरकत नाही. मोबाईलवर चमत्काराचे चित्र आले की पोरांना जवळ बसवा. सावली कुठे पडली? हात फळाला टेकला आहे की नुसता हवेत? हे त्यांनाच शोधू द्या.

बाकी नरखेडच्या बंडीत मावणार नाही एवढे संत्रे दाखवायला आमची ना नाही. फक्त तोडणीची मजुरी आधी ठरवा. नगावर ठेवली तर दिवसभर एकच संत्रे तोडून आमच्या मायबहिणी संध्याकाळी घरी काय नेतील? अन् ते डोक्यावरून बंडीपर्यंत वाहायचे कोणी?