चिंकाऱ्याला झाडी नको, माळ हवा

कोकणातल्या तळा गावाहून सरळ पूर्वेकडे रेघ ओढली, तर ती सह्याद्री ओलांडून बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ पोहोचते. अक्षांश जवळपास तोच. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि तिथे जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात, पलीकडे उरतो तो उघडा, काटेरी माळ. थरच्या वाळवंटात राहणारा चिंकारा महाराष्ट्रात याच कोरड्या पट्ट्यात टिकून आहे.

खांद्यापाशी उंची दोन फुटांच्या थोडी वर, वजन वीस-पंचवीस किलो. पाठ तांबूस, पोट पांढरं, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत गडद पट्टा. नराची शिंगं वळ्यावळ्यांची, जवळजवळ सरळ. मादीची बारीक, आखूड, कधी नसतातही. हा रंग सुकलेल्या गवतात असा मिसळतो, की चिंकारा हलेपर्यंत दिसत नाही. धोका जाणवला की तो पुढचा पाय आपटतो, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि उधळतो.

पाण्याशिवाय तो कितीतरी दिवस काढतो. बोरी-बाभळीच्या पाल्यातला ओलावा आणि पानांवरचं दव यांवर त्याचं भागतं. दुपारी सावलीत बसायचं, चरायचं ते उन्हं कलल्यावर. पळणं हाच त्याचा बचाव असल्यामुळे त्याला दूरवर दिसेल अशी मोकळी जमीन लागते.

नेमकी तीच कमी होते आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, पण ते अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. त्याबाहेर शेती, रस्ते, आणि पाडसांवर तुटून पडणारी मोकाट कुत्री. त्यात माळ ओसाड समजून तिथे ग्लिरिसिडियासारखी बाहेरची झाडं लावली गेली. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत चिंकारा आज संकटग्रस्त नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षणही त्याला आहे. पण एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. सहारातला अॅडॅक्स हा त्याचा वाळवंटी भाऊबंद एकेकाळी मोठ्या कळपांनी फिरायचा. २०१६ च्या पाहणीत नायजरमध्ये अवघे तीन दिसले.

कोकणातल्या आपल्या डोळ्यांना हिरवं तेवढं चांगलं वाटतं, ते स्वाभाविक आहे. तरी मोरगावला गणपतीच्या दर्शनाला जाताना वाटेतल्या माळावर हौसेने बिया टाकू नका, गाडी आत घालू नका. तो माळ आहे तसाच राहू द्या.