व्हाराने मोजलेलं माळरान

बाळा, तुमच्या टेक्सासातल्या प्लेनोत आज घरांच्या रांगाच रांगा दिसतात, पण 1840च्या दशकात इथं नुसतं गवताळ माळरान होतं. वस्ती व्हावी म्हणून पीटर्स कॉलनीच्या योजनेत जमीन फुकट मिळायची. कुटुंबवाल्याला 640 एकर, म्हणजे अख्खा चौरस मैल, आणि एकट्यादुकट्याला 320 एकर.

आता गंमत ऐक. टेक्सासात जमीन मोजायचं जुनं माप स्पेनहून मेक्सिकोमार्गे आलेलं. त्याचं नाव व्हारा. कॅलिफोर्नियात व्हारा साधारण 33 इंचांचा, तर टेक्सासने 1919 मध्ये कायद्याने 33⅓ इंचांचा ठरवला. जुन्या खतांमध्ये हाच व्हारा भेटतो.

तीन व्हारा म्हणजे 100 इंच. या हिशेबाने मैलात 1900.8 व्हारा बसतात. मग चौरस मैलात चौरस व्हारा किती? परीक्षेत मुलं नेमकी इथं घसरतात, लांबीचं गुणोत्तर तसंच क्षेत्रफळाला लावून मोकळी होतात. अगं, क्षेत्रफळात लांबी दोनदा येते, तेव्हा गुणोत्तराचाही वर्ग करायचा. मीटरमध्ये 3.28 फूट, पण चौरस मीटरमध्ये 10.76 चौरस फूट. दर पायरीला आकड्याशेजारी एकक लिहीत जा. फूट गुणिले फूट समोर दिसलं की चूक जागच्या जागी सापडते.

आपल्याकडे साताऱ्यात जमीन मोजायला शंकूसाखळी असायची. लांबी 33 फूट, भाग 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. पण लोखंडी कड्या वापरून झिजतात आणि साखळी लांबते. ती इंचभर जरी वाढली, तरी 40 गुंठ्यांचं रान मोजणीत 39.8 गुंठेच भरतं. दोनशेहून जास्त चौरस फूट गायब! शंभरदा मोजलंस तरी उत्तर तेवढंच कमी येणार. तुझ्या पुस्तकातली पद्धतशीर त्रुटी ती हीच. सरासरी काढून ती जात नाही, साखळीच तपासावी लागते.

मग कधीच न झिजणारं माप आणायचं कुठून? ते निसर्गाकडेच मिळालं. सीझिअमच्या अणूतून निघणाऱ्या एका ठरावीक प्रारणाची 9,192,631,770 आवर्तनं म्हणजे एक सेकंद, हे 1967 मध्ये ठरलं. साताऱ्यातला अणू असो की प्लेनोतला, त्यात तसूभर फरक नाही. मला याचं नवल अजून वाटतं. 1983 पासून मीटरही प्रकाशावरच बेतला आहे. निर्वातात प्रकाश सेकंदाच्या 299,792,458व्या भागात जेवढं अंतर कापतो, तेवढा मीटर. इंच तर 1959च्या करारापासून नेमका 2.54 सेंटीमीटर आहे. त्यामुळे त्या जुन्या व्हाराचाही हिशेब आता प्रकाशाशी जुळतो. 84.67 सेंटीमीटर, म्हणजे प्रकाशाला सुमारे 2.8 नॅनोसेकंदांची वाट. कर गुणाकार, बघ येतंय का, आणि एककं पुसू नकोस.