संगणकाच्या द्वारी पहारा

इमारतीला दारे कितीही असली, तरी लोकांची ये-जा कोणत्या दारातून व्हावी हे ठरवावेच लागते. जाळ्याला जोडलेल्या संगणकाचेही तसेच आहे. त्याच्या क्रमांकित द्वारांना पोर्ट म्हणतात व त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. संकेतस्थळाची सुरक्षित वाहतूक पोर्ट ४४३ वरून, तर दूर बसून संगणक चालविण्याची एसएसएच सेवा सामान्यतः पोर्ट २२ वरून चालते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा उपद्रवी प्रोग्रॅम पोर्ट ४४५ मार्गे, दुरुस्ती न केलेल्या विंडोज संगणकांत शिरला. ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. उघड्या द्वाराची किंमत किती मोठी असते, हे यावरून ध्यानात यावे.

येणाऱ्या जोडण्यांवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेस फायरवॉल म्हणतात. उबुंटू या लिनक्स प्रणालीत २००८ पासून त्यासाठी 'यूएफडब्ल्यू' हे साधन असून, पडद्यावर आज्ञा लिहून ते चालविले जाते. येणाऱ्या सर्व जोडण्या नाकाराव्यात व आवश्यक तेवढ्यांनाच प्रवेश द्यावा, हे त्याचे मूलतत्त्व होय.

आधी परवानगी, मग पहारा

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. दूरच्या सर्व्हरवर पोर्ट २२ ला परवानगी न देताच पहारा सुरू केला, तर आतून कडी लागून मालकच अंगणात राहावा, तशी प्रशासकाची गत होते. म्हणून प्रथम 'सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ २२/टीसीपी' ही आज्ञा द्यावी. संकेतस्थळ असल्यास पोर्ट ४४३ साठीही तसेच करावे. त्यानंतरच 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल' लिहावे. चालू जोडणी न तोडता दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी करून पाहावी. ती जुळली, तरच काम पुरे झाले असे समजावे.

परवलीचा शब्द वारंवार अजमावणाऱ्यांना आवर घालण्यासाठी 'अलाऊ' ऐवजी 'लिमिट' हा शब्द योजता येतो. मग एकाच पत्त्यावरून ३० सेकंदांत ६ किंवा अधिक प्रयत्न झाल्यास जोडणी नाकारली जाते.

'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड' या आज्ञेने सर्व नियम क्रमवार दिसतात. सेवा बंद झाली, की तिचा नियमही काढून टाकावा. पहारा एकदा बसवून भागत नाही; कोणते दार कशासाठी उघडे आहे, याची नियमित तपासणी हाच खरा पहारा होय.