अडकलेला जेट आणि गरम पाणी

बरेच दिवस उभी असलेली जुनी मोटारसायकल कितीही किका मारल्या तरी सुरू होत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. २०२० पासून निघालेल्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नसतो. पण जुन्या गाडीत मेकॅनिक प्रथम तोच खोलतो. आत तपकिरी, चिकट थर दिसतो. पेट्रोल उडून जाताना त्यातील काही घटकांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन हा डिंकासारखा पदार्थ मागे उरतो. तो जेटच्या आट्यांत बसला, की जेट जागचा हलत नाही.

जेट म्हणजे मधोमध बारीक भोक असलेला पितळेचा छोटा स्क्रू. इंजिनाला पेट्रोल मोजून मिळते ते याच भोकातून. पितळ मऊ असते. बेताच्या पात्याचा स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केला, तर जेटची खाच झिजते आणि काम अधिकच अवघड होते. मग काय करावे?

येथे उष्णता मदतीला येते. १ मीटर लांबीची पट्टी १ अंश सेल्सिअसने तापवली, तर पितळ सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियम ०.०२३ आणि जस्ताचे मिश्रधातू ०.०२७. कार्ब्युरेटर बहुधा ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. म्हणजे तापल्यावर तो जेटपेक्षा अधिक प्रसरण पावतो.

तुम्ही म्हणाल, धातू पसरला तर भोक लहानच होईल! तसे होत नाही. भोकात त्याच धातूची चकती बसवली आहे अशी कल्पना करा. तापल्यावर चकती मोठी होईल, तशीच तिची जागाही. चकती नसली तरी भोक तेवढेच वाढते.

जेट ५ मिलिमीटर जाडीचा आणि तापमानातील वाढ ६० अंश धरा. जस्ताच्या मिश्रधातूत ०.००२४ मिलिमीटर फट मिळते. ही अगदीच थोडी; पण चिकट थराची पकड सैल करायला पुष्कळदा पुरते.

मात्र ज्योत कधीही वापरू नये. पेट्रोलची वाफ क्षणात पेट घेते. पेट्रोल पूर्ण काढून, रबर व प्लॅस्टिकचे भाग वेगळे करून, मोठ्यांच्या देखरेखीखाली कार्ब्युरेटर गरम पाण्यात ठेवावा. मग खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर लावून हळूच फिरवावे.

शाळेत कडे व गोळा यांचा प्रयोग तुम्ही केला असेलच. तापलेला गोळा कड्यातून जात नाही. आता शिक्षकांसमोर कडेही तापवा आणि काय होते ते पाहा!