मोंढ्यात टिकलेला जपानी ट्रक

दिवाळीच्या सुमारास परभणीच्या मोंढ्यात सोयाबीन उतरू लागलं की आवारात दोन तऱ्हांचे टेम्पो शेजारी शेजारी लागतात. टाटाच्या ४०७ला पुढे आखूड नाक. आयशरला नाकच नाही; केबिन थेट इंजिनावर चढवलेली, म्हणून तेवढ्याच लांबीत हौदा मोठा निघतो आणि आडतीच्या गर्दीत गाडी पटकन वळते. ही बिननाकाची ठेवण आली जपानहून. मित्सुबिशीचा कँटर तिथे १९६३ साली निघाला आणि आयशरने १९८६मध्ये तो मध्य प्रदेशात पिथमपूरला बांधायला घेतला.

त्याच्या यशाचं श्रेय सरसकट जपानी तंत्राला दिलं जातं. ते पटत नाही, कारण त्याच सुमारास असं तंत्र घेऊन देशात चार कारखाने उभे राहिले होते. डीसीएमने सूरजपूरला टोयोटा आणली, हैदराबाद ऑल्विनने जहीराबादला निस्सान, स्वराजने पंजाबात माझदा. जहीराबाद तर परभणीहून परळी, उदगीर, बिदर करत जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचंच गाव. तरी मोंढ्यात नाव राहिलं ते आयशरचं. फटका चौघांनाही एकच बसला होता. सप्टेंबर १९८५मध्ये डॉलरला २४०च्या आसपास येन मिळत. १९८७ सरता सरता ते १२०-१२५वर आले आणि जपानहून येणारे सुटे भाग भलतेच महागले. ते इथे बनवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या चौघांतले तगले ते आयशर आणि स्वराज, आणि दोन्ही घराणी ट्रॅक्टरवाल्यांची. आयशरचा ट्रॅक्टर १९५९चा, स्वराजचा १९७४चा. डीसीएमचा धंदा कापड-साखरेचा, ऑल्विनची ओळख फ्रिज आणि घड्याळांची. माझ्या मते फरक इथेच पडला. गिऱ्हाईक कागदावरच्या वजनाच्या वर माल भरणार, काळ्या मातीच्या पाणंदीत गाडी घालणार, आणि पाटा तुटला तर जिंतूर-मानवतच्या फिटरकडेच नेणार, हे ट्रॅक्टर विकणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

चार उदाहरणांवरून नियम बांधू नये, हे खरंच. शिवाय ऑल्विन सरकारी कंपनी, तिची दुखणी निराळी. आणि ती बसच्या बॉड्याही बांधायची, म्हणजे रस्त्याला अगदीच परकी नव्हती. पण बस घेणाऱ्या महामंडळाची स्वतःची कार्यशाळा असते. एकाच गाडीच्या हप्त्यावर घर चालवणाऱ्याची ती नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: जपानी हात न लागलेला पुण्याचा ४०७ त्याच १९८६मध्ये आला आणि टाटाच्या गावोगावच्या गॅरेजांच्या जोरावर या सगळ्यांना भारी पडला. यातून माझं म्हणणं खोडलं जात नाही, उलट बळकट होतं. इथला गाडीवाला इंजिनाची सफाई बघतो, नाही असं नाही. पण पैसे मोजतो ते बंद पडलेली गाडी दुसऱ्या दिवशी भाड्यावर लागेल या भरवशाचे. तो भरवसा जपानच्या नकाशात नव्हता, तो इथेच तयार करावा लागला.

पुढे सूरजपूरचा कारखाना देवूकडे गेला आणि तिथे मोटारी बनू लागल्या. जहीराबादचा महिंद्राने घेतला. आज तिथे ट्रॅक्टर तयार होतात.