अनुभवी माणूस ‘पीएमपी’त का अडखळतो?

बांधकाम निम्म्यावर आले आहे. ग्राहक कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी प्रकल्प व्यवस्थापकाला दूरध्वनी करतो आणि तिसऱ्या मजल्यावरील बैठकीच्या दालनाची एक भिंत काचेची करून मागतो. काम फार मोठे नाही, अधिकारी वजनदार आहे आणि संबंधही चांगले ठेवायचे आहेत. अशा वेळी व्यवस्थापकाने सर्वप्रथम काय करावे? मागणी मान्य करावी, नकार द्यावा, आपल्या साहेबांच्या कानावर घालावे, की या बदलाचा खर्चावर, मुदतीवर आणि दर्जावर काय परिणाम होईल ते आधी तपासावे?

या क्षेत्रात दहा-पंधरा वर्षे घालवलेला माणूस पहिल्या किंवा तिसऱ्या पर्यायाकडे वळण्याचा संभव मोठा असतो. कार्यालयात तो हेच करत आलेला असतो आणि त्यावाचून त्याचे फारसे कधी अडलेलेही नसते. ‘पीएमपी’च्या परीक्षेला मात्र चौथा पर्याय हवा असतो. आधी परिणामांचा अंदाज, मग रीतसर बदल-विनंती, मग ज्याला अधिकार आहे त्याची मंजुरी आणि त्यानंतर काम, असा तिचा क्रम आहे. वरचा प्रश्न नमुन्यादाखल रचलेला असला, तरी परीक्षेतील प्रश्नांची धाटणी अशीच असते. चारही पर्याय समंजस वाटतात. प्रश्नातील ‘सर्वप्रथम’ किंवा ‘यानंतर’ या एका शब्दावर उत्तर फिरते. परीक्षेला बसण्यासाठी अनुभव ही अट आहे आणि परीक्षेत अनेकदा वाट अडवतो तो अनुभवच. तयारीला लागणाऱ्यांनी ही विसंगती आधी समजून घ्यावी.

‘पीएमपी’ म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. हे प्रमाणपत्र देणारी प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, अर्थात पीएमआय, ही संस्था १९६९ साली अमेरिकेत स्थापन झाली आणि तिने पहिली परीक्षा १९८४ साली घेतली. ड्यूपाँट कंपनीतील ‘क्रिटिकल पाथ’ आणि अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातील ‘पर्ट’ ही नियोजनाची तंत्रे त्याआधी दशकभर प्रचारात आली होती. विखुरलेल्या या ज्ञानाला एका सामाईक परिभाषेत बांधण्याचे काम संस्थेने केले. ती परिभाषा ज्या ग्रंथात मांडली जाते, तो ‘पीएमबॉक गाइड’. त्याची पहिली आवृत्ती १९९६ साली निघाली. माहिती तंत्रज्ञान, बांधकाम, औषधनिर्मिती, बँकिंग अशा नाना क्षेत्रांतील माणसे ही एकच परीक्षा देतात, ती या सामाईक भाषेमुळेच. तरीही वैद्यक किंवा सनदी लेखापालाच्या व्यवसायासारखा हा परवाना नव्हे. ‘पीएमपी’ नसलेल्या माणसाला प्रकल्प चालवण्यास कोणताही कायदा मनाई करत नाही. अडचण येते ती नोकरीच्या जाहिरातीत किंवा परदेशी ग्राहकाच्या करारात, जिथे हे प्रमाणपत्र अट म्हणून लिहिलेले असते.

ग्रंथ पाठ करून परीक्षा निघते, हा समज एके काळी अगदीच चुकीचा नव्हता. २०१७ सालच्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या आणि प्रत्येक प्रक्रियेला काय लागते, कोणती साधने वापरायची आणि हाती काय येते, यांचे लांबलचक तक्ते होते. ते तक्ते भिंतीवर चिकटवून घोकणारी एक पिढी होऊन गेली. त्या वेळी चार तासांत २०० प्रश्न सोडवावे लागत. जानेवारी २०२१ मध्ये परीक्षेचा साचाच बदलला. प्रश्न १८० झाले, वेळ २३० मिनिटांची झाली आणि प्रक्रियांच्या पाच गटांऐवजी तीन क्षेत्रे आली. माणसे ४२ टक्के, कार्यपद्धती ५० टक्के आणि व्यवसायाचे वातावरण ८ टक्के, अशी ती वाटणी होती. सुमारे निम्मे प्रश्न पारंपरिक पद्धतीच्या प्रकल्पांवर आणि उरलेले ‘अजाइल’ किंवा मिश्र पद्धतीच्या प्रकल्पांवर बेतलेले होते. त्याच वर्षी आलेल्या ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीने प्रक्रियांचे तक्ते बाजूला सारून तत्त्वांना पुढे आणले. २०२५ च्या आठव्या आवृत्तीत प्रक्रिया पुन्हा परतल्या. जुलै २०२६ पासूनच्या परीक्षेसाठी जाहीर झालेल्या आराखड्यात व्यवसायाच्या वातावरणाचा वाटा ८ वरून थेट २६ टक्क्यांवर गेला, तर माणसे ३३ आणि कार्यपद्धती ४१ टक्के झाली.

या उलथापालथीचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. काही वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या सहकाऱ्याच्या वह्या आणि जुन्या आवृत्तीची स्वस्तात मिळालेली पुस्तके यांच्या भरवशावर तयारी करू नये. आपण ज्या महिन्यात परीक्षा देणार, त्या महिन्याला लागू असलेला परीक्षेचा आराखडा पीएमआयकडे विनामूल्य मिळतो. मोजक्या पानांची ती पुस्तिका सर्वप्रथम वाचावी. पुष्कळ जण ती सर्वांत शेवटी वाचतात.

पात्रतेच्या अटी पाहू. २०२१ पासूनच्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराने आधीच्या आठ वर्षांत किमान ३६ महिने प्रकल्पांचे नेतृत्व केलेले असावे लागे. पदवी नसल्यास ६० महिने. शिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचे ३५ तासांचे शिक्षण आवश्यक. अनुभव कमी असलेल्यांसाठी ‘सीएपीएम’ ही वेगळी, प्राथमिक परीक्षा आहे. हुद्दा ‘प्रोजेक्ट मॅनेजर’च असावा, अशी अट नाही. रुग्णालयाचा नवा कक्ष उभारून देणारी प्रशासक किंवा बँकेच्या शाखेचे संगणकीकरण पार पाडणारा अधिकारीही पात्र ठरू शकतो. मात्र दरमहा पगारपत्रके काढणे हा प्रकल्प नव्हे. ज्याला आरंभ आणि अंत आहे आणि ज्यातून काही नवे निर्माण होते, तोच प्रकल्प. एकाच काळात दोन प्रकल्प चालवले असतील, तर ते महिने एकदाच मोजले जातात. अर्ज भरताना हिशेब चुकतो तो बहुधा इथेच.

काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि मग अनुभवाच्या प्रत्येक नोंदीला त्या वेळच्या वरिष्ठांचा दुजोरा मागितला जातो. ते वरिष्ठ एव्हाना परदेशी गेलेले असतात, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते. म्हणून अर्जात ज्याचे नाव द्यायचे, त्याच्याशी आधीच संपर्क साधावा. अनुभव फुगवून लिहिण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. नीतिसंहितेवर प्रश्न विचारणाऱ्या परीक्षेच्या अर्जातच खोटे लिहिण्यात शोभा नाही आणि पडताळणीत ते उघडे पडले तर वर्षाची मेहनत वाया जाते. आपल्याकडे आणखी एक अडचण नावाची. अर्जातील नाव आणि ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळावे लागते. पदवीवर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे, कार्यालयात वडिलांचे नाव गाळलेले, अशी स्थिती असेल तर परीक्षा केंद्राच्या दारात वाद घालण्यापेक्षा अर्ज करण्यापूर्वीच एक नाव निश्चित करावे.

आता मूळ अडचणीकडे, म्हणजे सवयीकडे वळू. संघातील दोन अभियंत्यांचे पटत नाही आणि काम रखडले आहे. कार्यालयात याचा निकाल विभागप्रमुखाच्या दालनात लागतो किंवा दोघांपैकी एकाची गुपचूप बदली होते. परीक्षेतील आदर्श व्यवस्थापक आधी स्वतः दोघांशी बोलतो, वादाचे मूळ शोधतो आणि तोडगा त्यांच्याकडूनच काढून घेतो. वरिष्ठांकडे तो जातो, पण आपल्या हातचे उपाय संपल्यावर. पद्धत बदलली की उत्तरही बदलते, हे त्याहून महत्त्वाचे. काचेच्या भिंतीसारखी मागणी ‘अजाइल’ पद्धतीने चाललेल्या संगणक प्रणालीच्या प्रकल्पात आली, तर बदल-मंजुरीच्या समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. मागणी कामांच्या यादीत जाते आणि तिचा क्रम ‘प्रॉडक्ट ओनर’ ठरवतो. त्यामुळे प्रश्न वाचताना पहिला शोध घ्यावा तो हा प्रकल्प कोणत्या पद्धतीने चालला आहे याचा.

शब्दांचे काटेकोर अर्थही असेच अंगवळणी पाडावे लागतात. बोलण्यात ‘रिस्क’ आणि ‘प्रॉब्लेम’ एकाच अर्थाने येतात. परीक्षेत जोखीम म्हणजे जे घडू शकते ते आणि समस्या म्हणजे जे घडून गेले आहे ते. मुंबईत जूनमध्ये पाऊस येणे ही जोखीम नाहीच, ते वेळापत्रकातच धरायला हवे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसा पाऊस पुन्हा कोसळण्याची शक्यता ही जोखीम. तिची नोंद करायची, ती कोणी सांभाळायची ते ठरवायचे आणि प्रतिसादाची योजना व निधी आधीच राखून ठेवायचा. पाणी तळघरात शिरले की तीच जोखीम समस्या बनते आणि मग आखलेली योजना अमलात आणायची असते.

गणिताची धास्ती मात्र अनाठायी आहे. सूत्रांवरचे प्रश्न थोडे असतात आणि त्यामागचा विचार घरगुती आहे. एका गृहनिर्माण संस्थेने दहा आठवड्यांत दहा लाख रुपयांत इमारत रंगवून घ्यायचे ठरवले आणि दर आठवड्याला एक लाखाचे काम धरले. चार आठवड्यांनी चार लाखांचे काम व्हायला हवे होते. प्रत्यक्षात झाले तीन लाखांच्या मोलाचे आणि खर्च झाला पावणेचार लाख. झालेल्या कामाच्या मोलाला खर्चाने भागले की ०.८ येतात, म्हणजे खर्चिलेल्या प्रत्येक रुपयामागे ऐंशी पैशांचे काम झाले. त्याच मोलाला नियोजित कामाने भागले की ०.७५ येतात, म्हणजे काम मागे पडले आहे. याच गतीने पैसा जात राहिला तर एकूण खर्च दहा भागिले ०.८, म्हणजे साडेबारा लाखांवर जाईल. संस्थेच्या चिटणीसाला हे चौथ्या आठवड्यातच कळले, तर वर्गणी वाढवायची की काम कमी करायचे यावर वेळेत सभा घेता येते. एवढे समजले की सूत्रे वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्याने तीन महिने हाताशी ठेवावेत. पहिला महिनाभर ३५ तासांचा अभ्यासक्रम आणि वाचन, त्यानंतर प्रश्नांचा सराव. सरावात किती गुण मिळाले यापेक्षा प्रत्येक चुकीचे कारण वहीत लिहिणे अधिक फलदायी ठरते. विषय माहीत नव्हता, प्रश्न घाईने वाचला की ‘आमच्याकडे असेच करतात’ म्हणून तो पर्याय निवडला? तिसऱ्या प्रकारच्या चुका सुरुवातीला सर्वाधिक निघाल्या तर नवल नाही. त्या कमी होऊ लागल्या की तयारी मार्गी लागली असे समजावे. ‘परीक्षेत आलेले प्रश्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांच्या वाटेला जाऊ नये. असे प्रश्न फोडणे आणि वापरणे हा नियमभंग असून त्यापायी प्रमाणपत्र जाऊ शकते, शिवाय त्यांतील उत्तरे पुष्कळदा चुकीची असतात. यशाची शंभर टक्के हमी देणाऱ्या क्लासच्या जाहिरातींनाही फार महत्त्व देऊ नये, कारण उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात हेच पीएमआय जाहीर करत नाही.

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत किमान दोन वेळा पूर्ण लांबीची सराव परीक्षा एका बैठकीत द्यावी. २०२१ च्या रचनेत २३० मिनिटांत १८० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून किंचित अधिक वेळ मिळे. दिवसभर बैठका आणि ई-मेल यांत तुकड्यातुकड्यांनी काम करणाऱ्याची सलग चार तास एकाग्र राहण्याची सवय मोडलेली असते. २०२१ च्या रचनेत साठाव्या आणि एकशेविसाव्या प्रश्नानंतर दहा मिनिटांची सुटी मिळे आणि सुटीवर गेल्यावर आधीचे प्रश्न पुन्हा उघडता येत नसत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. परीक्षा केंद्रावर किंवा घरून, असे दोन्ही पर्याय आहेत. घरून देताना कॅमेऱ्यापुढे खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, तेव्हा दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याने केंद्रच गाठावे.

निकालात गुणांचा आकडा येत नाही. प्रत्येक क्षेत्रातील कामगिरी अपेक्षेपेक्षा वर, अपेक्षेइतकी किंवा खाली, एवढेच कळते. अर्ज मंजूर झाल्यापासून वर्षभरात तीन वेळा परीक्षा देता येते. फेरपरीक्षेचे शुल्क वेगळे. अपयश आलेल्याने तो निकालपत्रक फाडून न टाकता सरावाच्या वहीशेजारी ठेवावे. ‘माणसे’ या क्षेत्रात खालची श्रेणी मिळाली असेल, तर पुन्हा पहिल्या पानापासून पुस्तक वाचण्याची गरज नाही. वहीतील तिसऱ्या प्रकारच्या चुकाच पुन्हा काढून पाहाव्यात. उत्तीर्ण झालेल्यांना प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत व्यावसायिक विकासाची ६० एकके मिळवावी लागतात. त्यांची नोंद पहिल्या महिन्यापासून ठेवली नाही, तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस धावपळ ठरलेली.