आकाशाचे दप्तर

गणेशखिंडीतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधक राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी एका अतिदूरच्या दीर्घिकेचा शोध लावल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. दीर्घिकेचे नाव त्यांनी 'अलकनंदा' ठेवले. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात आणि अलकनंदा ही हिमालयातील मंदाकिनीची भगिनी. आकाशगंगेशी असलेले साम्य या नावातून सुचविले आहे. विश्वाचे वय आज सुमारे १३.८ अब्ज वर्षे मानले जाते. ते अवघे दीड अब्ज वर्षांचे असताना दोन रेखीव सर्पिल बाहू असलेली, सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे व्यासाची अशी दीर्घिका घडून तयार असावी, ही गोष्ट जाणकारांनाही अनपेक्षित होती. त्या बाल्यावस्थेतील दीर्घिका ओबडधोबड आणि विस्कळीत असणार, असाच सर्वसाधारण समज होता.

परंतु या वार्तेतील एका तपशिलाकडे वाचकांचे फारसे लक्ष गेले नसावे. अलकनंदा ज्या दुर्बिणीतून दिसली ती जेम्स वेब अंतराळ दुर्बीण पुण्याची नव्हे, भारताचीही नव्हे. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात सोडलेली आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर राहून वेध घेणारी ही दुर्बीण अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांनी मिळून उभारली. तिच्यावर सुमारे दहा अब्ज डॉलर खर्च झाले. त्या खर्चात पुण्याच्या करदात्याची एक कवडीही नाही. मग शोध पुण्यात कसा लागला? या दुर्बिणीने टिपलेली प्रतिमा कोणाची खासगी मालमत्ता होऊन राहत नाही, म्हणून. ज्याने वेधाचा प्रस्ताव दिला त्याला काही काळ, सर्वसाधारणपणे फार तर वर्षभर, ती राखून ठेवण्याची मुभा असते. काही मोठ्या पाहण्यांत तेवढीही नसते. त्यानंतर ती जगातील कोणाही अभ्यासकाला विनामूल्य मिळते. अलकनंदा अशाच सर्वांसाठी खुल्या झालेल्या संग्रहात सापडली.

अर्थशास्त्रात अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात. एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, हे तिचे लक्षण. समुद्रातील दीपस्तंभ हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण परीक्षेत लिहून लिहून गुळगुळीत झाले आहे. वेब दुर्बिणीचा संग्रह हे त्याहून नेमके उदाहरण ठरेल. यावर कोणी म्हणेल की ही तर आयत्या बिळावर नागोबा होण्याची वृत्ती झाली. हा आक्षेप टिकत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यावरील वेळ देश न पाहता प्रस्तावाच्या गुणवत्तेवर दिला जातो आणि परदेशी खगोलशास्त्रज्ञ तिचा भरपूर लाभ घेतात. ॲस्ट्रोसॅट या भारताच्या पहिल्या अंतराळ वेधशाळेचा संग्रहही २०१८ पासून सर्वांना खुला आहे. ही देवघेव आहे.

ॲस्ट्रोसॅटची कथा तर मुळातून समजून घेण्याजोगी आहे. अतिनील किरणांचा मोठा भाग पृथ्वीचे वातावरण अडवते. सजीवांच्या दृष्टीने ते उपकारक असले तरी त्या किरणांत ताऱ्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला वातावरणाच्या वर गेल्यावाचून गत्यंतर नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ॲस्ट्रोसॅटवर अतिनील किरणांसाठी जी जोडदुर्बीण आहे तिचा आरसा अवघा ३८ सेंटिमीटरचा. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, म्हणजे सहापटींहून मोठा. तरीही ऑक्टोबर २०१६ मध्ये या छोट्या दुर्बिणीने २८ तासांहून अधिक काळ आकाशाच्या एका तुकड्यावर दृष्टी खिळविली आणि ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण टिपले. हबलला ते दिसले नव्हते. ॲस्ट्रोसॅटच्या संवेदकांत पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी असल्याने इतका क्षीण प्रकाश वेगळा ओळखता आला.

हा शोध पुण्याच्या 'आयुका'तील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाचा. तो ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वेध २८ तासांचा. परंतु जे दिसले ते खरोखर त्याच दीर्घिकेतून आले आहे, शेजारच्या एखाद्या जवळच्या वस्तूचा तो भास नव्हे, अशी खात्री करून घेण्यात दोनेक वर्षे गेली. खर्चाचा विचार करणाऱ्याने या दोन आकड्यांपाशी थोडे थांबावे. यंत्राचे तास थोडे, माणसाची वर्षे पुष्कळ.

गरीब देशाला हे परवडते काय, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी दुर्बिणीच्या संदर्भात विचारला जातो. ॲस्ट्रोसॅटचा खर्च सुमारे १७८ कोटी रुपये सांगितला जातो. पुणे मेट्रोचा ३१.२५ किलोमीटरचा पहिला टप्पा २०१६ साली मंजूर झाला तेव्हा त्याचा अंदाज ११,४२० कोटी रुपयांचा होता. त्या दराने ॲस्ट्रोसॅट म्हणजे अर्धा किलोमीटर मेट्रो. मेट्रो नको असा याचा अर्थ नाही. पण परवडण्याचा प्रश्न उपग्रहापाशी विचारणे अस्थानी आहे, एवढे यावरून दिसते. खरी टंचाई दुसरीकडे आहे.

पुणेकरांना ती समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पेशवे दप्तर याच शहरात आहे. इंग्रज सरकारने ते दीर्घकाळ अभ्यासकांना खुले केले नव्हते आणि त्याबद्दल इतिहाससंशोधकांनी केलेली तक्रार रास्तच होती. परंतु दार उघडल्याने रुमालांत बांधलेले कागद आपोआप बोलू लागले नाहीत. मोडी वाचणारे, तारखा लावणारे, खरे-खोटे पारखणारे हात लागले, तेव्हा कोठे १९३०च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. आकाशाचे दप्तर आज खुले आहे. साधा संगणक आणि इंटरनेटची जोडणी असलेल्या कोणाही विद्यार्थ्याला ते उतरवून घेता येते. मात्र त्याची मोडी म्हणजे संख्याशास्त्र, संगणकाची आज्ञावली आणि भौतिकी. ती शिकविणारा गुरू आणि शिकण्याला लागणारा निवांतपणा उतरवून घेता येत नाही.

या बाबतीत पुण्याने एकदा मोठे नुकसान सोसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि सरकारी अनुदानातून ती उभी राहिली. तेथील वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. तिचा आरसा आजच्या ॲस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीच्या आरशापेक्षा मोठा भरतो. वेधशाळेचे सर्वस्व कावसजी नायगमवाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा वेध त्यांनी जेऊर येथे तळ देऊन घेतला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या मागे काम चालविणारा कोणी तयार केलेला नव्हता. वेधशाळा बंद झाली आणि यंत्रसामग्री कोडाईकनालला रवाना झाली. दुर्बीण शाबूत होती, आकाश तेच होते. वाचणारा उरला नव्हता.

पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने आयुकाची स्थापना केली तेव्हा ही उणीव ध्यानात घेतलेली दिसते. आंतरविद्यापीठीय केंद्र हे तिच्या नावातच आहे. जी साधने एकेका महाविद्यालयाला परवडणारी नाहीत ती एकत्र ठेवावीत आणि देशभरच्या प्राध्यापकांनी तेथे येऊन वापरावीत, ही त्यामागील कल्पना. संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी ती मनापासून राबविली. महाविद्यालयीन शिक्षकांना अतिथी सहयोगी म्हणून वर्षातील काही काळ तेथे राहून काम करता येते, ॲस्ट्रोसॅटच्या माहितीचा उपयोग शिकविणारा कक्षही तेथे आहे. सूर्याकडे पाहणाऱ्या आदित्य-एल१ यानावरील अतिनील दुर्बीण तर आयुकानेच घडविली. २ सप्टेंबर २०२३ रोजी ते यान निघाले.

परंतु या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. महाविद्यालयात कायमचा, स्थिरावलेला प्राध्यापक आहे, आणि चार आठवडे तो वर्गाबाहेर राहिला तरी त्याचा पगार चालू राहतो, असे ती मानून चालते. महाराष्ट्रात आज वर्षानुवर्षे रिक्त असलेल्या जागांवर तासिका तत्त्वावरील अध्यापक शिकवीत आहेत. त्यांतले कित्येक पीएच.डी. झालेले असतात. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्यात, असा त्यांचा दिवस जातो. जितक्या तासिका तितके मानधन. सुट्टीत तेही नाही. एखाद्या दीर्घिकेतून आलेला प्रकाश खरा की भास, हे ठरविण्यासाठी लागणारी दोन वर्षे तासिकेच्या हजेरीपत्रकात कोठे नोंदवायची, याला त्या पत्रकात रकाना नाही.